सेकंडहँड आरसी ३९० घेऊ का गप शाईन घेऊ? सातारा-कोरेगाव रोजचं अपडाऊन

शाहूपुरीची_पोर
नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

वय २४, उंची पाच फूट दोन इंच, राहायला साताऱ्यात शाहूपुरीला आणि नोकरी कोरेगावात. आत्तापर्यंत एसटीनं जायचे पण संध्याकाळची एक गाडी चुकली की स्टँडवर बसून राहायचं, आणि वडापच्या जीपमध्ये कोंबून घ्यायचं आता नको वाटतं. घरात ॲक्टिव्हा आहे, कॉलेजपासून तीच चालवते, पण ती आईची आहे, आईला रोज शाळेला जायला लागते. म्हणून स्वतःची घ्यायची ठरवली, आणि मला गिअरचीच पाहिजे.

आता झालंय असं की दादाचा एक मित्र त्याची केटीएम आरसी ३९०, ती रेसवाली स्पोर्ट्स बाईक, विकायला काढतोय. २०१८ चं मॉडेल, एकवीस हजार किलोमीटर, एक साठ म्हणतोय, एक पन्नासला येईल. माझ्याकडं साठवलेले एवढेच आहेत. पप्पांचं म्हणणं होंडाची साधी १२५ शाईन घे, नवी कोरी घे, वरचे पैसे बँकेत टाक. शाईन वाईट आहे असं नाही ओ, पण आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांकडं शाईन आहे, पार्किंगमध्ये स्वतःची शोधायला नंबर पाठ करायला लागेल. आणि आरसी बघितली ना की पोटात काहीतरी होतं, खोटं कशाला बोलू.

"मुलींनी स्कूटीच चालवावी" हा सल्ला कृपया नको, तो घरी फुकट मिळतोय.

फुकटचा_सल्ला
आरसी. विषय संपला. शाईन काय, रिटायर झाल्यावर पण घेता येते.

एमएच११_भटक्या
लय भारी धागा. खुर्ची टाकून बसलोय.

दहाअकरा_पाना
ताई, माझं गॅरेज आहे, वीस वर्षं झाली. दोन्ही गाड्या माझ्याकडं येतात त्यामुळं मला दोन्हीत फायदाच आहे, म्हणून मोकळं सांगतो.

पहिली गाडी पडणारच. कुणाची पडत नाही असं नाही, माझी पण पडलीय, माझ्या पोराची पण पडलीय. वेगात पडत नाही, उभ्या उभ्या पडते, गेटातून काढताना, पंपावर पाय घसरून, चढावर बंद पडली म्हणून. शाईन पडली तर लेगगार्डवर पडते, क्लचचा दांडा वाकला तर शेदोनशे रुपयात नवीन बसतो, तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत काम झालेलं असतं. आरसी पडली तर आधी फेअरिंग, म्हणजे गाडीचं बाहेरचं आवरण, जमिनीला टेकतं. ते प्लास्टिक आहे, चिरतं, आणि त्याचं एकेक पॅनल मागवायला लागतं, हजाराच्या खाली बोलायचंच नाही. शिवाय हँडल पण तसलं, दोन तुकडे फोर्कला आवळलेले, पडली की हललंच.

दुसरं, सेकंडहँड ३९० बघताना काय बघायचं ते सांगतो, मग घ्या नायतर नका घेऊ. गाडी सरळ उभी करायची आणि समोर दहा पावलावर बसून पुढच्या चाकाकडं आणि हँडलकडं बघायचं, जरा जरी तिरकं दिसलं तर ठोकलेली आहे. पुढचं चाक उचलून हँडल हळू डावीउजवीकडं फिरवायचं, मधे कुठं अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. हँडलचे दोन्ही स्टॉपर बघा, ठेचलेले असले की समजायचं जोरात पडलीय. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे टायर कंपनीचंच आणि दगड झालेलं. ते बदलायचा खर्च धरूनच भाव करायचा. मागचं टायर १५० चं आहे, शाईनच्या टायरचा भाव मनात ठेवून दुकानात गेलात तर उभ्यानं चक्कर येईल.

तिसरं म्हणजे चेन. चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल. रोजचे चाळीस किलोमीटर म्हणजे महिन्यातनं दोनदा. हे ॲक्टिव्हात नसतं म्हणून सांगितलं.

कागदपत्र_काका
एक विचारू का? कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. लायसन कसलं आहे? कॉलेजपासून ॲक्टिव्हा म्हणजे विदाउट गिअरचं असणार.

शाहूपुरीची_पोर
अय्या. हो ओ काका. कार्ड काढून बघितलं, विदाउट गिअरच लिहिलंय. चालत नाही का?

कागदपत्र_काका
नाही चालत. गिअरच्या गाडीला तो वेगळा वर्ग आहे. विदाउट गिअरच्या लायसनवर गिअरची गाडी चालवली तर कायद्याच्या लेखी विनालायसनच, पावती ५००० ची. पावतीचं सोडा, उद्या काही झालं तर इन्शुरन्स कंपनी पहिला कागद लायसनचा मागते आणि तिथंच हात वर करते.

घाबरू नका, सोपं आहे. ऑनलाईन अर्ज करायचा, नव्या वर्गासाठी शिकाऊ लायसन निघतं, ते ६ महिने चालतं, ३० दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते. तोवर एल लावून फिरायचं आणि सोबत लायसनवाला माणूस पाहिजे. परीक्षेला गाडी आपलीच न्यायची असते.

गाडी सेकंडहँड घेतलीत तर नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज होतं का बघा, होतं तर बँकेचा दाखला आणि ३५ नंबर. इन्शुरन्स १४ दिवसात आपल्या नावावर करायला टाका. लोक हे विसरतात आणि मग वर्षानं माझ्यासारख्याला फोन करतात.

आणि थर्डपार्टी इन्शुरन्सचा वर्षाचा आकडा बघून ठेवा. ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १३६६, ३५० च्या वर गेलं की २८०४. त्यावर जीएसटी वेगळा. ३९० चं इंजिन ३७३ सीसीचं आहे म्हणजे शेवटच्या रांगेत.

एमएच११_भटक्या
काका आता खरी गंमत ऐका. आरटीओत परीक्षेला आठचा आकडा काढायला लावतात. पाय न टेकता. आरसी ३९० वर आठ काढणार ही ताई 😂 त्या गाडीचं हँडल वळतं तेवढ्यात आमच्या आजोबांची मान वळते.

फुकटचा_सल्ला
परीक्षेला कुणाची तरी स्प्लेंडर न्यायची. सगळं जग नेतं.

जुनी_आरएक्स
फुकटचा सल्ला यांनी नकळत पूर्ण धाग्याचं उत्तर दिलं. जी गाडी परीक्षेत पास करते ती शिकायला चांगली का नसावी? असो.

आमच्या वेळची गोष्ट सांगतो, कंटाळा आला तर पुढं जा. ९३ साली माझ्या थोरल्या भावानं आरएक्स १०० घेतली, रहिमतपुरात तेव्हा चार होत्या का पाच. दुधाच्या किटल्या राजदूतवर जायच्या आणि आरएक्स फक्त मिरवायला. ९८ सीसी, ११ घोडे, वजन शंभर किलोच्या आसपास. तेव्हा ती विमान होती विमान. आत्ता टीव्हीएसची रायडर १२५ पण ११ च्या पुढं घोडे देते आणि तिला कुणी विमान म्हणत नाही, कॉलेजची पोरं ती डबा आणायला वापरतात. म्हणजे घोडे तेवढेच, फरक कुठं पडला? आरएक्सला पुढंमागं ड्रम ब्रेक होते आणि टू स्ट्रोक इंजिन, कमी फेऱ्यांना झोपलेलं आणि फेऱ्या वाढल्या की एकदम उठणारं. भावानं पहिल्याच महिन्यात ती माहुलीच्या पुलाच्या अलीकडं घातली. गुडघा अजून पावसाळ्यात सांगतो त्याला पाऊस येणार म्हणून. तो काही येडा नव्हता, शांत माणूस, नुसतं मनगट थोडं जास्त फिरलं.

ट्रॅकवाला_सांगली
काय मर्दा सगळे एकाच बाजूनं बोलायलाय. मी जरा दुसरी बाजू मांडतो.

मी सांगलीचा, माझ्याकडं ३९० आहे, पाच वर्षं. ताकद जास्त म्हणजे धोका जास्त हे अर्धवट आहे. ३९० ला दोन्ही चाकाला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होत नाही. आपल्याकडं एप्रिल २०१९ पासून १२५ च्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं केलं, पण १२५ आणि त्याखाली नुसतं सीबीएस चालतंय, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसरा थोडा लागतो एवढंच. चाक लॉक व्हायचं थांबत नाही. लाईट चांगली, टायर रुंद, सस्पेन्शन घट्ट. आता कोरेगाव रोडला ऊस सुरू झाला की ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, ओव्हरटेक करताना शाईनला तिसऱ्या गिअरला टाकून पिळायला लागतं आणि समोरनं एसटी येती. तिथं ताकद असली की दोन सेकंदात पार. कमी ताकदीची गाडी घेऊन मधल्या मधे लटकणं हे पण मरणच की.

हळदीच्या_गावची
ट्रॅकवाल्याला अर्धं अनुमोदन. ओव्हरटेकचं खरं हाय. पण मर्दा, ते दोन सेकंद वापरायचे कधी हे कळायला तुला किती वर्षं गेली ते पण लिही की.

ट्रॅकवाला_सांगली
माझी पहिली गाडी वडिलांची सीडी १०० होती. चार वर्षं. बरं, समजलं मला काय म्हणताय ते 🙏

भौतिक_मास्तर
गणित सांगतो, शाळेतलंच आहे. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा, गाडी तेवढे १७ मीटर गेलीच. कोरड्या डांबरावर बरा ब्रेक लागला तर पुढं अजून २३ मीटर. एकूण ४०. आता हेच ताशी १०० ला करा. तो एक सेकंद २८ मीटर खातो आणि ब्रेकचे ६४, झाले ९२. वेग दुप्पट पण नाही झाला आणि थांबायचं अंतर दुपटीच्या वर गेलं, कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. एबीएस हे अंतर जादूनं कमी करत नाही, चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळं ब्रेक दाबून ठेवून गाडी वळवता येते.

विनालाईटची ट्रॉली रात्री किती मीटरवर दिसते ते कोरेगाव रोडवाल्यांनी सांगावं.

एमएच११_भटक्या
मास्तर, ट्रॉली दिसत नाही. आधी गाणं ऐकू येतं. टपाला दोन भोंगे बांधलेले असतात. गाणं ऐकलं की ब्रेक.
आणि उसाचं वाडं, म्हणजे वरचा पाला, सांडलेलं असतं त्याचं पण लिहा कुणीतरी. हिरवं असतंय तोवर साबणासारखं, त्यावर पुढचा ब्रेक दाबला की नमस्कारच.

पावसातला_कराडकर_जर्मनीत
मूळचा कराडचा, सध्या जर्मनीत. इथलं सांगतो, उपयोग होईल तर बघा. इथं १६ व्या वर्षी मिळतं ते ए१, त्यावर १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंतच. १८ ला ए२, त्यात ३५ किलोवॅट, म्हणजे ४७ घोड्यांपर्यंत. ए२ वर दोन वर्षं काढली की मग पूर्ण ए, कुठलीही गाडी. सरळ पूर्ण ए पाहिजे तर वय २४ पूर्ण लागतं.

आता आरसी ३९० किती? ४३ घोडे, ३२ किलोवॅट. म्हणजे ती बरोबर या ए२ च्या कप्प्यात बसते. आपल्याकडं काय आहे, एकदा विथ गिअर लायसन मिळालं की त्याच कार्डावर स्प्लेंडर पण आणि हजार सीसीची पण. कार्ड काही विचारत नाही.

ट्रॅकवाला_सांगली
पण ए२ थेट १८ ला काढता येतंच की. ए१ करूनच यायला लागतं असं नाही. म्हणजे तिथं पण पहिली गाडी ३९० असू शकते.

पावसातला_कराडकर_जर्मनीत
बरोबर, येतं. पण थेट काढणाऱ्याला नेहमीच्या शिकवणीशिवाय बारा सक्तीचे धडे आहेत, ४५ मिनिटांचा एक. पाच गावाबाहेरच्या रस्त्यावर, चार ऑटोबानवर, तीन अंधारात. मागनं शिक्षक गाडीतनं येतो आणि कानात बोलत राहतो. मी केलंय, सगळी हौस फिटते. आपल्याकडं आठ काढला, हात दाखवला, झालं. मग ते बारा धडे आपले आपणच घ्यायचे असतात, आणि ते कुठल्या गाडीवर घ्यायचे हा प्रश्न आहे.

दहाअकरा_पाना
जर्मनीवाले साहेब, एकदम पटलं.

हळदीच्या_गावची
ताई आता माझं ऐक. मी मिरजेला असतो, रोज सांगलीला जातो, सहा वर्षं पल्सर १५० चालवतो. हो, बाईच आहे, आमच्याकडं असंच बोलत्यात. उंची तुझ्याएवढीच, अर्धा इंच कमी असेल.

उंचीचं टेन्शन घेऊ नको पण खोटं पण बोलू नको स्वतःला. दोन्ही पाय टेकायची गरज नसते, एक पाय पूर्ण टेकला आणि दुसरा ब्रेकवर असला की बास. सिग्नलला थोडं एका कुल्ल्यावर सरकायचं. पण हे सवयीनं येतंय. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलीमीटर, शाईनची ७९१, यामाहाच्या एफझेडची ७९०. आरसी ३९० ची ८२० च्या वर. हे तीनचार सेंटिमीटर कागदावर काहीच नाहीत, पण खडीवर पाय टेकायला गेल्यावर कळत्यात. सस्पेन्शन खाली करून घेऊ नको कुणाचं ऐकून, स्पीडब्रेकरला पोट घासतंय आणि वळणात गाडी वेगळीच वागती. चांगल्या सोलचे बूट घे, चप्पल घालून गिअरची गाडी नको.

आता खरा प्रश्न. मागं कोण बसणार?

शाहूपुरीची_पोर
कधी कधी आई. शनिवारी तिला राजवाड्यापाशी भाजीला सोडायला लागतं, बाजाराच्या दोन पिशव्या असतात. आणि महिन्यातनं एकदा आजीला दवाखान्यात.

हळदीच्या_गावची
आई साडी नेसती?

शाहूपुरीची_पोर
हो 🤦

हळदीच्या_गावची
मग आरसीची मागची सीट एकदा आईला दाखवून आण. तीन इंचाची उशी, आणि ती पण आकाशात. आजीला तर शिडी लागंल. साडीगार्ड, धरायला हँडल आणि फूटरेस्ट हे कायद्यानंच लागतं गाडीला, पण एका बाजूनं बसायला जागा पण लागती की. माझी आई पल्सरवर बसती, कुरकुर करत बसती, पण बसती.

फुकटचा_सल्ला
आईला ॲक्टिव्हा आहे ना. तिची तिनं जावं.

जुनी_आरएक्स
फुकटचा सल्ला, तुमचं लग्न झालंय का हो? हलकं घ्या.

हिशोब_वही
खर्चाचं कुणी बोललंच नाही नीट. रोज ४० किलोमीटर, महिन्यात २५ दिवस, म्हणजे १००० किलोमीटर. शाईन ५५ चा ॲव्हरेज धरा, १८ लिटर. ३९० जपून चालवली तर २५-२८, म्हणजे ३७-३८ लिटर. महिन्याला वीस लिटरचा फरक. त्यात सर्व्हिस, चेन, टायर, इन्शुरन्स. गाडी एक पन्नासला येते हे खरं, पण ती दर महिन्याला परत थोडी थोडी विकत घ्यावी लागते.

नवी घ्यायची तर एक फायदा, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ चा १८ झाला. त्याच्या वरच्यांना ४०.

शाहूपुरीची_पोर
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. रविवारी दादा आणि त्याचा मित्र, आम्ही तिघं एमआयडीसीत जातोय, रस्ते मोकळे असतात. त्याची आरसी चालवून बघणार आणि दादाच्या ऑफिसातल्या एकाची स्प्लेंडर पण मागितलीय. शिकाऊ लायसनचा अर्ज शुक्रवारी केला, परीक्षा घरूनच दिली, आलं पण. एल चा कागद प्रिंट करून ठेवलाय. येऊन लिहिते.

एमएच११_भटक्या
हेल्मेट पूर्ण तोंडाचं घाल. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ लिहिलेलं बघून. पोवई नाक्यावर पोलीस धरतोय म्हणून घालायची टोपी नको.

शाहूपुरीची_पोर
आले. लिहायला दोन दिवस लागले कारण आधी लाज वाटत होती.

पहिल्यांदा स्प्लेंडर. क्लच सोडताना चार वेळा बंद पडली, पाचव्या वेळेला उडी मारली, सहाव्या वेळेला निघाली. वीस मिनिटात दुसऱ्या तिसऱ्या गिअरवर आरामात होते. मग दादा म्हणाला आता आरसीवर बस.

बसल्यावर पहिली गोष्ट, पाय. बोटं टेकत होती, टाच नाही. दुसरी गोष्ट, पोटावर झोपल्यासारखं व्हायला लागतं आणि सगळं वजन मनगटावर. सुरू केली. क्लच सोडला आणि स्प्लेंडरच्या सवयीनं ॲक्सिलरेटर जरा दिला. ती गाडी निघत नाही ओ, ती तुम्हाला मागं ठेवून निघते. पण दुसऱ्या गिअरला टाकल्यावर सरळ रस्त्यावर जे झालं ते मी कुणाला सांगू शकणार नाही. मी हेल्मेटमध्ये ओरडत होते. ज्यांना ही गाडी आवडते त्यांना मी आयुष्यात परत नावं ठेवणार नाही.

रस्ता संपला. यू टर्न घ्यायचा होता. हँडल वळवलं आणि ते वळायचंच थांबलं, मी अजून वळत होते. घाबरून पुढचा ब्रेक दाबला, पाय टेकला तिथं बारीक खडी. गाडी हळू, अगदी हळू, माझ्या बाजूला कलायला लागली आणि मला कळत होतं की ही आता मी धरू शकत नाही. ताशी पाच पण वेग नसेल. बाजूला उडी मारली म्हणून पाय वाचला. इंडिकेटर तुटला, खालच्या पॅनलला लांब ओरखडा, ब्रेकचा दांडा वाकला. उचलता पण आली नाही मला एकटीला. दादाचा मित्र लांबून पळत आला, एक शब्द बोलला नाही, आधी विचारलं लागलं का. मग गाडीकडं बघितलं. त्याचं तोंड मला अजून दिसतंय.

पाना दादा, तुम्ही लिहिलं होतं उभ्या उभ्या पडते. वाचून हसले होते मी.

दहाअकरा_पाना
लागलं नाही ना, मग बास. गाडी घेऊन या दोघंजण, दांडा आणि इंडिकेटर आपल्याकडं आहे, पॅनलला पॉलिश मारून बघू, बदलायचं नंतर. मजुरी घेत नाही.

ट्रॅकवाला_सांगली
ताई मनाला लावून घेऊ नको. माझी तीनदा पडलीय यू टर्नलाच. हळू वळताना पुढचा ब्रेक कधीच नाही, मागचा हलका आणि क्लच अर्धा धरून, नजर जिथं जायचंय तिथं. खाली बघितलं की खालीच जाते. हे कुठल्याही गाडीला लागू.

हळदीच्या_गावची
आणि तो ट्रॅकवाला आता शिकवायला लागलाय बघ 😄

कागदपत्र_काका
प्रगती काय ते कळवा.

एमएच११_भटक्या
दोन महिने झाले, धागा वर काढतोय. शाहूपुरीच्या ताई, कुठं आहात? आरसी गेली का?

शाहूपुरीची_पोर
आहे आहे. आरसी गेली, पुण्याच्या एकानं घेतली. पॅनलचे पैसे मी दिले, दादाचा मित्र नको म्हणत होता, तरी दिले.

मामाच्या गावी, लिंबला, गोठ्यात एक स्प्लेंडर पडून होती, २०११ ची. मामा म्हणाला घेऊन जा, शीक, मोडली तरी चालंल. कार्बोरेटर साफ करून आणि बॅटरी टाकून पाना दादांनी सुरू करून दिली. महिनाभर दादाला मागं बसवून तिच्यावरच कोरेगाव केलं. त्रिपुटीच्या पुढं एकदा वाड्यावरनं मागचं चाक सरकलं पण सावरलं, ॲक्सिलरेटर सोडून दिला फक्त. दोनदा पडली. एकदा घराच्या गेटात, एकदा पंपावर, बरोबर पाना दादांच्या यादीनुसार. तिला काही झालं नाही, तिच्या अंगावर नवीन ओरखडा ओळखू येत नाही.

आरटीओत आठ काढला. पाय नाही टेकला. माझ्या पुढच्या पोरानं टेकला, तो पल्सरवर होता, हे मुद्दाम लिहितेय.

मग घेतली काय, तर एफझेड. सेकंडहँड, २०२१ ची, एका बाईंची होती, फार चालवलेली नाही. १४९ सीसी, त्यामुळं काकांच्या यादीत ७१४ च्या रांगेत. एबीएस पुढच्या चाकाला आहे. पाय टेकतात. स्टॉपर बघितले, टायरचे आकडे बघितले, पुढं दहा पावलावर बसून चाक बघितलं, त्या बाईंचे मिस्टर म्हणाले तुम्ही मेकॅनिक आहात का. पैसे उरले ते हेल्मेट, हातमोजे आणि बुटाला गेले, बाकीचे ठेवलेत.

पप्पांनी शाईन नाही म्हणून दोन दिवस तोंड वाकडं केलं. परवा सकाळी खाली आले तर स्वतःच फडक्यानं टाकी पुसत होते. आई शनिवारी बसली मागं. उतरल्यावर एवढंच म्हणाली, साडीगार्ड काढून बिढून टाकू नकोस हां, आजकालची पोरं काढतात.

जुनी_आरएक्स
वा. आणि ती स्प्लेंडर?

शाहूपुरीची_पोर
मामानं परत मागितलीच नाही. आता आई शिकतेय तिच्यावर 😐 विदाउट गिअरचं लायसन तिचं पण आहे. काका, फॉर्म तोच ना?

कागदपत्र_काका
तोच. आणि ती २०११ ची असेल तर १५ वर्षं भरत आली, रजिस्ट्रेशन नूतनीकरणाची तारीख बघून ठेवा, नाहीतर मी परत येतो.

एमएच११_भटक्या
रविवारी सकाळी सहाला मोती चौक, यवतेश्वर घाटानं कास. फुलं नाहीत पण गर्दी पण नाही, थंडी कडक आहे. घाटात कुणी कुणाला ओव्हरटेक करायचं नाही. कोण कोण?

शाहूपुरीची_पोर
मी. कंदी पेढे माझ्याकडून.

फुकटचा_सल्ला
मी पण येतो. ॲक्टिव्हा चालंल का?